कार्डावरचे कुंकू

भर मैदानात, हजारो माणसांसमोर, लाऊडस्पीकरवरून एका माणसाला चोर म्हटलेले मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले. तो आवाज मात्र जसाच्या तसा आठवतो.

तेव्हा मी कोल्हापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. कुणाचेही नाव इथे लिहिणार नाही. यातली सगळी माणसे अजून याच शहरात राहतात, त्याच मैदानावर मॅच बघायला येतात, आणि मलाही भाजी आणायला त्यांच्याच गल्लीतून जावे लागते.

फुटबॉलचा हंगाम होता. अंतिम सामन्याचा बंदोबस्त म्हणजे काय, हे बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला इथे पहिल्याच वर्षी कळते. दोन पेठांचे संघ, दोन्हीकडचे समर्थक, आणि मध्ये आम्ही. त्या वर्षी आयोजकांनी मैदानात मोठा एलईडी पडदा लावला होता. चार कोपऱ्यांत चार कॅमेरे, गोल झाला की तो पुन्हा दाखवायची सोय, सगळा थाट. काम शिवाजी पेठेतल्या एका फर्मकडे होते. लग्ने, सभा, मोठ्या डॉक्टरांच्या परिषदा, सगळीकडे त्यांचेच पडदे असायचे.

या यंत्रातले मला तेव्हा काही कळत नव्हते. तपासात जेवढे कळले तेवढे सांगतो. स्विचर नावाची एक पेटी असते. सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी त्या पेटीत येतात. पेटीसमोर बसलेला माणूस बटण दाबून ठरवतो, आत्ता पडद्यावर कुठले चित्र दाखवायचे. पेटीच्या पाठीमागे खाचा असतात आणि त्या खाचांत इनपुट कार्डे सरकवून स्क्रूने बसवतात. कॅमेऱ्याची वायर खोचायची ती त्या कार्डात, एका कार्डात दोन वायरी. कार्ड नसेल तर कॅमेरा कितीही चांगला असो, पडद्यावर अंधार. या फर्मच्या पेटीत चार कार्डे होती. एकेक कार्ड चांगल्या मोटारसायकलच्या किमतीचे, आणि मागवले तरी महिना-दोन महिने येत नाही.

पेटी चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे चाचा म्हणायचे. पंचावन्नच्या पुढचा माणूस, उंच, किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मालकाचे वडील फक्त लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी काढायचे, तेव्हापासून ते या फर्ममध्ये होते. मॅचच्या दिवशी त्यांनी पेटीचे मागचे झाकण उघडले तर आत एकच कार्ड. बाकीच्या तीन खाचांवर पत्र्याच्या कोऱ्या पट्ट्या, नीट स्क्रू मारून बसवलेल्या.

दुसरी पेटी आणायला वेळ नव्हता. उरलेल्या एका कार्डात एका कॅमेऱ्याची आणि गोलफलक दाखवणाऱ्या संगणकाची वायर खोचून मॅच सुरू झाली. आणि पहिला गोल नेमका पलीकडच्या टोकाला झाला. सगळे मैदान ओरडतेय आणि पडद्यावर मात्र मोकळे हिरवे गवत. माझ्या शेजारच्या कठड्यावरून एक जण म्हणाला, "पडदा हाय का खिडकी हाय रं ही?" मग शिट्ट्या, मग घोषणा, मग एक-दोन पाण्याच्या बाटल्या मैदानात.

मालक धावत टेबलापाशी आले आणि त्यांनी सरळ चाचांची कॉलर धरली. शेजारीच निवेदकाचा माइक होता आणि तो चालू होता. "किल्ली तुझ्याकडं, मशीन तुझ्याकडं. तूच चोर हैस चाचा, दुसरा कोण असणार?" हे वाक्य चारही बाजूंच्या कर्ण्यांतून गेले. शिट्ट्या एकदम थांबल्या.

मी तिथे पोचेपर्यंत चाचांनी मालकाचा हात कॉलरवरून हळूच बाजूला केला होता. ते म्हणाले, "मॅच संपूदे मालक, मग काय ते बोलू." हेही माइकवरून सगळ्यांनी ऐकले. मग ते खुर्चीवर बसले आणि त्या एका कॅमेऱ्यावर त्यांनी उरलेली मॅच दाखवली. बटण एकदाही चुकले नाही. मालकाचा धाकटा भाऊ, ज्याला घरात आणि बाहेर बारका म्हणायचे, तो बाजूला वायर गुंडाळत उभा होता. मान खाली. तेव्हा मला वाटले, बिचाऱ्याला लाज वाटत असेल.

संध्याकाळी मालकांनी ठाण्यात येऊन फिर्याद दिली. संशयित म्हणून एकच नाव. गुन्हा दाखल केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डीबी, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या, पथकातल्या हवालदाराला घेऊन गोडाऊनला पंचनाम्यासाठी गेलो. हा हवालदार अंगाने जाड, डोक्याने चपळ. शहरातला एकही चहावाला त्याच्याकडून पैसे घ्यायला विसरायचा नाही, कारण तो स्वतः आठवण करून द्यायचा. असा माणूस हाताखाली असला की निरीक्षकाचे निम्मे काम होते.

गोडाऊनचे कुलूप शाबूत. किल्ल्या दोन, एक मालकाच्या घरी आणि एक चाचांकडे. पेटी मधले काही दिवस कामाला गेलीच नव्हती, त्यामुळे कोण कुठल्या दिवशी कुठे होते याला काही अर्थ उरला नव्हता. चाचा मधे नेसरीला मेहुण्याकडे जाऊन आले होते, तेही काही उपयोगाचे नव्हते.

हवालदार पेटीच्या मागे वाकून बराच वेळ बघत राहिला. "साहेब, चोर लई शिस्तीचा हाय. कार्ड न्हेलं आन् पट्टी लावून, सगळं स्क्रू मारून गेलाय."

हीच गोष्ट मलाही खुपत होती. चोरी करणारा माणूस घाईत असतो. कपाट फोडणारा कपाट बंद करून जात नाही. मी मालकांना विचारले, खाच उघडी राहिली तर काय होते? ते म्हणाले, आत धूळ जाते, हवा फिरत नाही, पेटी तापते आणि उरलेले कार्डही जळू शकते. म्हणजे चोर या धंद्यातला होता, आणि मालकाची पेटी खराब होऊ नये याची त्याला काळजी होती. मालक म्हणाले, "तेच तर सांगतोय साहेब. चाचाशिवाय एवढी काळजी कोण घेतंय?" त्यांचे म्हणणे खोडता येत नव्हते.

उरलेल्या चौथ्या कार्डाच्या पत्र्यावर, डाव्या कडेला, मला दोन ठिपके दिसले. एक पिवळा, एक लाल. विचारले तर मालक म्हणाले, "आमच्या आईचं बोट हाय ते. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा असत्या की. चाचा सगळी कार्डं बाहेर काढतोय, ब्रशनं झाडतोय, पांढऱ्या फडक्यावर वळीनं मांडतोय. मग आई एकेका कार्डाला हळद-कुंकू लावत्या. तेलात कालवून लावत्या, म्हणून वर्षभर ऱ्हातंय." माहिती म्हणून ते डोक्यात ठेवले. पोलिसाला डोक्यात ठेवायला पैसे पडत नाहीत.

दुपारी चाचांना ठाण्यात बोलावले. त्याआधी एका पुढाऱ्याचा फोन येऊन गेला होता, की फर्म आपल्या माणसाची आहे, म्हाताऱ्याला आत टाका, दोन टोले पडले की बोलेल. मी त्यांना सांगितले, तपास चालू आहे, बरे वाटले फोन केलात. पुढाऱ्यांना नाही म्हणायची ही पद्धत मी फार वर्षांच्या सरावाने कमावली होती.

चौकशीचा माझा एक नियम होता. समोरच्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचे आणि पहिल्यांदा त्याच्या कामाबद्दल बोलते करायचे. खोटे बोलायला आलेला माणूस कामाबद्दल बोलताना अडखळतो, कारण त्याचे सगळे लक्ष पाठ करून आणलेल्या गोष्टीकडे असते. चाचा मात्र कामाबद्दल भरभरून बोलले. कुठल्या लग्नात जनरेटर बंद पडला, कुठल्या सभेत पुढाऱ्याचा झोपलेला चेहरा पडद्यावर गेला आणि नोकरी जाता जाता वाचली, सगळे.

मग मी विचारले, "चाचा, तुमच्यावर आरोप आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"माझं काय वाटून उपयोग साहेब? ह्या धंद्यात लोक लाखाचं मशीन हातात देत्यात आन् घरी जात्यात. नावावर चालतंय सगळं. कालपास्नं दोघांचं फोन आलं. एकाचं लग्न हाय, एकाचं शिबिर. दोघंबी म्हणालं, चाचा, ह्या बारीला ऱ्हाऊदे." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला. "घरात बायको खिडकी लावून बसल्या. मी चोर न्हाय. पर आख्ख्या मैदानानं ऐकलंय, आता कुणाकुणाच्या कानात जाऊन सांगू?"

"त्या तीन कोऱ्या पट्ट्या कुणाच्या?"

इथे ते पहिल्यांदा थांबले. खिडकीकडे बघितले. "मला ठावं न्हाय," म्हणाले.

तासभर सरळ बोललेला माणूस या एकाच प्रश्नाला वळून बसला. मला ते दिसले आणि मी ते तिथेच सोडले. माणूस एखादी गोष्ट लपवतो याची कारणे बरीच असतात, चोरी हे त्यातले एकच. हवालदाराचे मत वेगळे होते. "साहेब, घ्या अटकेत. उद्या पेपरात छापून आलं, की संशयित हातात असून सोडला." मी चाचांना घरी पाठवले. बोलावले की यायचे, एवढीच अट. हा निर्णय माझा होता आणि चुकला असता तर तोंडही माझेच काळे झाले असते.

दोन-चार दिवस शांत गेले. मग एका सकाळी हवालदार माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतले. त्याचा एक खबऱ्या होता, गावोगावी लग्नाचे शूटिंग करणारा. तो पेठ वडगावात एका कार्यालयात लग्नाला गेला होता. तिथे नवाच कुणीतरी मोठा पडदा घेऊन आला होता, बरोबर स्विचरची पेटी. खबऱ्याचे म्हणणे असे, की पेटी भारीतली आणि चालवणारा कच्चा. नवरीने हार घातला तेव्हा पडद्यावर आचारी दिसत होता.

आम्ही साध्या कपड्यांत निघालो. हायवेने वाठारवरून आत वळलो. हवालदाराने वाटेत मिसळीचा विषय दोनदा काढला, मी दोन्ही वेळा ऐकले नाही. वडगावात बाजारपेठेच्या मागे एका गाळ्यात नवे दुकान होते. बाहेर झेंडूच्या सुकलेल्या माळेऐवजी नवा कोरा फ्लेक्स. आत तिशीचा एक तरुण बसला होता. हवालदार आत शिरत म्हणाला, "काय पावणं, लग्नासाठी पडदा पायजे हुता. पुतणीचं लगीन हाय."

तरुणाने खुर्च्या पुढे केल्या, चहा सांगितला आणि पेटी दाखवली. मी कौतुक केले. माणूस कौतुकाला कुलूप लावू शकत नाही, हा माझा अनुभव.

"नवीन दिसतंय मशीन," मी म्हणालो.

"नवं कोरं साहेब. मुंबईस्नं मागवलंय, सील पॅक. मागल्याच महिन्यात आलं."

"पूजा वगैरे केली का? एवढी मोठी वस्तू."

"कुटलं साहेब, दसरा अजून लांब हाय. खंडेनवमीला करणार की झोकात."

"मागची बाजू बघू."

त्याने पेटी फिरवली. चार खाचा. एका खाचेवर कोरी पट्टी, तीनमध्ये कार्डे. मी खिशातली बॅटरी काढून डाव्या कडेला प्रकाश टाकला. तिन्ही कार्डांच्या पत्र्यावर एक पिवळा ठिपका, एक लाल. तेलाने जरा पसरलेला, बोटाएवढा, तिन्हींवर एकाच जागी.

"सील पॅकमध्ये कुंकू मुंबईवालेच लावून देतात काय रे?" मी विचारले.

चहा घेऊन पोऱ्या आला होता, त्याला हवालदाराने बाहेरच थांबवले. तरुण आधी हसला. मग हसू तसेच चेहऱ्यावर राहिले आणि खाली घाम यायला लागला. मी ओळख सांगितली. पुढे फार काही करावे लागले नाही. तो म्हणाला, "साहेब, मी न्हाय. माझ्या दाजींनी आणून दिल्यात. म्हणाले, आमच्याच घरातली हाईत, वापर."

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. आणि त्याची बहीण शिवाजी पेठेत दिलेली होती, बारक्याला.

पंच बोलावले, कार्डे बाहेर काढली. मागचा कंपनीच्या नंबराचा स्टिकर तिन्हींवरून पार खरवडून काढलेला. एवढी मेहनत घेणाऱ्याने समोरचे कुंकू मात्र तसेच ठेवले होते. जप्ती पंचनामा करून परतलो. येताना मिसळ खाल्ली. हवालदाराने ती कमावली होती.

बारक्याला संध्याकाळी आणले. त्यालाही खुर्ची दिली. टेबलावर तीन कार्डे ठेवली आणि शेजारी गोडाऊनमधले चौथे. चारही कार्डांवर एकाच बाईचे बोट. तो ती बघत राहिला आणि रडायला लागला. त्याला रडू दिले. मग त्याने सांगितले. धंदा दोघांनी वाढवला, नाव मात्र दादाचे. त्याला स्वतःचे काही उभे करायचे होते. मेहुण्याच्या नावाने वडगावात गाळा घेतला, जुनी रिकामी पेटी कुठूनतरी मिळाली, पण कार्डे मिळेनात. घरातली किल्ली घेतली आणि एका दुपारी तीन कार्डे काढली. दादा काय, नवी मागवेल, असे त्याला वाटले.

"पट्ट्या का लावल्यास?"

"उघडं ठिवलं तर धूळ जात्या साहेब. मशीन तापतंय." मग हळूच म्हणाला, "दादाचं मशीन हाय ते."

"नंबर खरवडलास. कुंकू का नाही पुसलंस?"

त्याने माझ्याकडे असे बघितले, की मीच काहीतरी भलते विचारले. "नंबर कंपनीचा हाय साहेब. कुंकू आईनं लावलंय. पूजेचं कुंकू कसं पुसायचं?"

इतक्या वर्षांत चोराच्या तोंडून मी बरेच काही ऐकले होते, हे नव्हते ऐकले. पण मला त्याचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. मी म्हणालो, "आईचं कुंकू पुसवलं नाही तुला. चाचाची कॉलर धरली तेव्हा तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास. वायर गुंडाळत होतास. ते चाललं?"

त्याने कार्डांवरची नजर काढून घेतली.

चाचांना बोलावून घेतले होते, ते बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि सांगितले, की कार्डे मिळाली, कुणी नेली तेही कळले. त्यांनी नाव विचारले नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्हाला मैदानातच कळलं होतं, चाचा."

"झाकण उघडलं आन् कळलं साहेब. त्या पट्ट्यांच्या स्क्रूखाली बारीक वायसरच्या चकत्या हुत्या. तसं लावायची सवय दोघांनाच हाय, एक मला आन् एक त्याला. मीच शिकवलंय. दहा वर्सांचा हुता, माझ्या मांडीवर बसून बटणं दाबायचा."

"मग बोलला का नाहीत? सगळ्या गावाने तुम्हाला चोर म्हटलं."

"कुणाला सांगू? त्या माउलीला जाऊन सांगू, तुझ्या दोन पोरांतलं एक चोर हाय म्हणून? म्हटलं, पोरगं शाणं हाय, दोन दिवसांत आणून ठिवंल."

"आणि नसतं ठेवलं तर?"

"मग अवघड हुतं बगा," चाचा म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे हसले.

मला त्यांचे हे वागणे पटले नाही, अजूनही पटत नाही. तपासात माहिती दडवणे बरोबर नाही आणि मी त्यांना तसे तोंडावर सांगितले. त्यांनी मान हलवली.

बारक्याला अटक झाली, मग जामीन. त्यानंतर मालक आले. चार दिवसांत दहा वर्षांनी मोठे दिसत होते. म्हणाले, "साहेब, केस मागं घ्यायची हाय. आई जेवंना झाल्या." मी त्यांना रीतसर समजावले. दाखल झालेला गुन्हा मी खोडू शकत नाही. तुम्हाला तडजोड करायची तर कोर्टाच्या परवानगीने करता येईल, वकील सांगतील तसा अर्ज द्या. मुद्देमालही कोर्टाच्या हुकमाने, बंधपत्रावर परत मिळेल.

ते उठले. मी म्हणालो, "बसा. आणखी एक काम राहिलंय, आणि हे पोलीस म्हणून सांगत नाही. भावासाठी तुम्ही ठाण्याच्या पायऱ्या चढलात. चाचांसाठी कुठे गेलात?"

"घरी गेलतो साहेब. पाया पडलो त्यांच्या. हात जोडलं."

"घरात जोडलेत. चोर मैदानात म्हटलं होतं, माइकवर."

मालक खाली बघत राहिले. त्यांच्यासारख्या माणसाला हे किती जड होते ते मला माहीत होते. पेठेत मान असलेला माणूस, चारचौघांत कधी आवाज खाली न केलेला. शिवाय चाचा चोर नाहीत म्हणायचे तर मग चोर कोण, हा प्रश्न लोक विचारणारच. ते उठून गेले. जमणार नाही, असेच मी धरून चाललो.

पुढच्या स्पर्धेची मॅच त्याच मैदानावर होती. कार्डे कोर्टाकडून परत आली होती, पेटीत बसली होती, आणि पेटीसमोर चाचाच होते. लोक त्यांच्याकडे बोट दाखवत होते. मी बंदोबस्ताला टेबलापासून थोड्याच अंतरावर उभा होतो. संघ मैदानात यायच्या आधी मालक आले आणि त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला.

"एक मिनिट ऐका," ते म्हणाले. मैदान ऐकत नव्हते. त्यांनी पुन्हा म्हटले. "मागं ह्याच माइकवर मी चाचाला चोर म्हणलो हुतो. तुमी समद्यांनी ऐकलंय. चाचा चोर न्हाय. चोरी माझ्या घरातनं झाली. चाचाचा काडीचा संबंध न्हाय. माझं चुकलं." पुढचे शब्द त्यांना येईनात. माइक तोंडाशी तसाच राहिला आणि कर्ण्यांतून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मैदानात लगेच कुजबुज सुरू झाली. एका कॅमेरावाल्याने, त्याचे कामच ते, कॅमेरा मालकांवर फिरवला. क्षणभर तो चेहरा पडद्यावर आला, दोन मजले उंच, डोळे भरलेले, ओठ कापत असलेले. लगेच चित्र बदलले. पडद्यावर पलीकडच्या टोकाचा रिकामा गोलपोस्ट दिसू लागला, वाऱ्याने हलणारी जाळी.

मी टेबलाकडे बघितले. चाचांचे बोट बटणावर होते. त्यांच्यासमोरच्या छोट्या पडद्यांवर चारही कॅमेऱ्यांची चार चित्रे शेजारी शेजारी चालू होती आणि मालकांचा चेहरा त्यातल्या एकावर तसाच होता. मालकांनी माइक खाली ठेवून डोळे पुसेपर्यंत चाचांनी बोट उचलले नाही. मग कठड्यावरून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. तेव्हा चाचांनी बटण दाबले आणि दोन्ही संघ बाहेर येताना दिसले.

मी सगळी नोकरी माणसांनी लपवलेले उघड करण्यात घालवली. त्यात मी चांगला होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. या प्रकरणाने मला तपासाचे दोन धडे दिले आणि ते मी नव्या अधिकाऱ्यांना अजून सांगतो. काय गेले हे सगळेच बघतात, चोर काय नीट ठेवून गेला ते बघा. आणि माणूस काय पुसायला धजला नाही तेही बघा. पण तिसरी गोष्ट मी कुणाला शिकवू शकत नाही. ज्या माणसाने त्यांची कॉलर धरली, त्याच माणसाचे रडणे त्या दिवशी चाचांच्या एका बोटाखाली होते आणि समोर सगळे मैदान बसले होते. चाचांनी जाळी दाखवली.